पहिलं पिस्तूल उसनं असावं

२८ जुलै २०२४ ला मनू भाकरनं पॅरिसमध्ये दहा मीटर एअर पिस्तुलात ब्राँझ मिळवलं. चार दिवसांनी, १ ऑगस्टला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. मी शनिवार-रविवारी रेंजवर जाते हे ज्यांना ठाऊक आहे, ते सगळे तोच विचारतात. ऑफिसातले सहकारी, मावसभाऊ, सोसायटीतल्या एका आठवीतल्या मुलीचे बाबा. "पहिलं पिस्तूल कुठलं घेऊ?"

माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते कुणालाच आवडत नाही. कुठलंच घेऊ नका. निदान पहिले तीन-चार महिने तरी नाही. पहिलं पिस्तूल उसनं असावं, क्लबचं असावं, आणि आपल्या आधी पन्नास जणांनी त्यावर हात साफ केलेला असावा.

यावर लोक माझ्याकडे असे बघतात, जणू मी पोहायला शिकणाऱ्याला तळ्यात उतरू नकोस म्हणाले. मी फक्त तळं विकत घेऊ नका एवढंच म्हणते आहे.

मुळात हा प्रश्न आपल्याकडे आला कुठून ते बघा. यूट्यूबवर 'फर्स्ट हँडगन' असं टाकलं की अमेरिकेतली टोपीवाली माणसं समोर येतात. ग्लॉक की सिग, नऊ एमएम की पंचेचाळीस, मॅगझिनमध्ये गोळ्या किती, गोळी लागल्यावर माणूस किती लवकर आडवा होतो. त्यांच्या देशात पिस्तूल घेणं हा ग्राहकाचा निर्णय आहे, म्हणून त्यांची चर्चा ग्राहकाची. आपल्याकडे नऊ एमएम सामान्य नागरिकाला मिळतच नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. बाकीच्या बंदुकांना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, आणि लग्नात हौसेनं हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तरीही आपली पोरं त्या व्हिडिओंमधली भाषा पाठ करून रेंजवर येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "याची पॉवर किती?"

संरक्षणाचा मुद्दाही इथंच उरकते. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बायकांच्या संरक्षणासाठी म्हणून आणलं होतं. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. बाई म्हणून मला त्यातलं एक गृहीतक खटकतं : वस्तू पर्समध्ये आली की ती वापरण्याचं कौशल्यही सोबत येतं. शांत हॉलमध्ये, स्थिर कागदावर, दहा मीटरवरून दहात गोळी बसवायला महिने लागतात. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत काय होईल, याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

तर इथल्या नवशिक्या नेमबाजापुढचं खरं पिस्तूल म्हणजे दहा मीटरचं एअर पिस्तूल. साडेचार मिलिमीटरचा छर्रा, दाबलेल्या हवेवर चालणारं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. या सवलतीचा खेळाला फायदा आहेच, पण एक घाणही तिच्या आडोशानं आली आहे. खऱ्या पिस्तुलासारखी दिसणारी एअर पिस्तुलं घरपोच मागवायची, गच्चीवर बाटल्या फोडायच्या आणि रील टाकायची. त्याला नेमबाजीची सुरुवात म्हणू नका. तो छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो, आणि रस्त्यावर ते हातात दिसलं तर समोरच्या पोलिसाला ते खरंच वाटणार. ज्या वस्तूचा सगळा भर दिसण्यावर आहे, ती नेम शिकवत नाही.

आता पैशाकडे येऊ. श्टायर, मोरिनी, वाल्थर, पार्दिनी ही नावं रेंजवर देवांच्या नावांसारखी घेतली जातात. असं परदेशी मॅच पिस्तूल नवं घ्यायचं तर दीड-दोन लाख किंवा त्याच्याही पुढं जावं लागतं. ही पिस्तुलं उत्तम आहेत, याबद्दल माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते आठवीतल्या मुलीच्या बाबांना पहिल्या महिन्यात "घ्यायचं तर चांगलंच घ्या, उगाच दोनदा खर्च कशाला" असं सांगणाऱ्यांशी.

मी पोटासाठी कोड लिहिते. आमच्या धंद्यात प्रोग्राम हळू चालतो म्हणून कुणी लगेच महागडा सर्व्हर मागितला, तर त्याला आधी मोजायला लावतात. वेळ नक्की कुठं जातोय? नेमबाजीतही तेच विचारा. गुण नक्की कुठं जातात?

दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं असतं, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ आठ मिलिमीटर बाहेर. पिस्तुलाची मागची साइट आणि पुढची साइट यांत साधारण तेहतीस सेंटिमीटर अंतर धरा. ट्रिगर दाबताना मनगट किंचित वळलं आणि पुढची साइट मागच्या खाचेत फक्त एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर ती चूक तीसपट होते. छर्रा तीन सेंटिमीटर बाजूला जातो. दहाच्या जागी सात. याउलट दोन्ही साइट्स एका रेषेत राहिल्या आणि आख्खा हातच पाच मिलिमीटर बाजूला डुलला, तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो. तरीही दहा!

हे गणित एकदा डोक्यात शिरलं की कॅटलॉगचा मोह निम्मा उतरतो. नवशिक्याचे गुण ट्रिगर दाबण्याच्या त्या अर्ध्या सेकंदात जातात. पिस्तुलाच्या नळीत ते जात नाहीत. धड अवस्थेतलं जुनं क्लबचं पिस्तूलसुद्धा शिकंज्यात धरून चालवलं तर छर्रे दहाच्या वर्तुळातच टाकतं. तुमचा हात तिथं पोचायला वेळ आहे. मॅच पिस्तूल जवळपास किलोभर वजनाचं असतं. लिटरभर दुधाची पिशवी एका हातात, हात सरळ ताणून, सव्वा तासात साठ वेळा उचलायची. दुसऱ्या हाताचा आधार नियमात बसत नाही. खांदा तयार व्हायलाच महिने लागतात, आणि ते महिने दोन लाखांच्या पिस्तुलानं कमी होत नाहीत.

इथं कुणीतरी युसुफ डिकेचचा फोटो काढून दाखवतंच. एक्कावन्न वर्षांचा तुर्की नेमबाज, अंगात टी-शर्ट, एक हात खिशात, आणि पॅरिसमध्ये मिश्र सांघिक रौप्य. "बघ, काही लागत नाही!" हा फोटो दोन्ही बाजूंनी चुकीचा वाचला गेला. खिशातला हात हा रुबाब नव्हे. मोकळा हात हलू नये म्हणून बहुतेक पिस्तूल नेमबाज तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात. आणि त्याच्या दुसऱ्या हातात जत्रेतली बंदूक नव्हती, नियमात बसणारं मॅच पिस्तूलच होतं. काहीच लागत नाही हे जितकं खोटं, तितकंच सगळं आधी लागतं हेही खोटं. त्याच्याकडे होती ती वर्षानुवर्षांची सवय. ती फोटोत दिसत नाही, म्हणून मीममध्येही आली नाही.

मग पिस्तुलांत फरक नसतोच का? असतो, आणि तो नेमका तिथं असतो जिथं दुकानदार बोट ठेवत नाही. ग्रिपमध्ये. मॅच पिस्तुलाची लाकडी ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशी येते, डाव्या-उजव्या हाताची वेगळी येते. तळहाताखालची पट्टी वर-खाली करता येते, आणि बरेच नेमबाज कानस घेऊन लाकूड घासतात, कुठं पुट्टी भरतात. माझा हात लहान आहे. एका दुकानात मला मध्यम ग्रिपचं पिस्तूल दाखवत "हळूहळू हात बसेल मॅडम" असं सांगितलं गेलं. हात बसत नसतो. बोट ट्रिगरवर सरळ मागं येण्याऐवजी तिरकं येतं, दर वेळी साइट थोडी कलते, आणि वरचं एक मिलिमीटर तिथंच हरवतं. मी नमस्कार करून बाहेर पडले, कारण तोवर क्लबची तीन वेगवेगळी पिस्तुलं हाताळून मला माझा हात कळला होता. पहिल्या आठवड्यात गेले असते तर हा नकार द्यायला माझ्याकडे शब्दच नसते. उसनं पिस्तूल एवढं शिकवतं.

माझ्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला मान्य आहे. क्लबची पिस्तुलं अनेक ठिकाणी मोजकी असतात, उजव्या हाताची आणि मध्यम ग्रिपची असतात, कुणाची साइट हललेली, कुणाची हवा गळणारी. रांगेत अर्धा तास उभं राहून वीस शॉट मिळतात. आज एक ट्रिगर, उद्या दुसरा, सवय लागणार कशी? "स्वतःचं असलं की घरी ड्राय प्रॅक्टिस तरी होते." खरं आहे. पण मग याचा निष्कर्ष काय काढायचा? प्रत्येक बापानं कर्ज काढायचं, की रेंजवर दहा बरी पिस्तुलं ठेवा म्हणून मागणी करायची? एका पिस्तुलावर दिवसाला आठ मुलं शिकू शकतात. तेच पिस्तूल एका घरच्या कपाटात गेलं, आणि पोरानं सहा महिन्यांत खेळ सोडला, तर ते धूळ खातं. खेळ सोडणं हा गुन्हा नाही. तेराव्या वर्षी कुणालाही तो हक्क हवा. घरात दोन लाखांची वस्तू हप्त्यांवर आलेली असेल तर मात्र तो हक्क जातो. मग ती मुलगी नेमबाजी करत नाही, हप्ते फेडते.

बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी सार्वजनिक पैशातून उभं राहिलं. याच महाराष्ट्रातल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, आणि नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. आपल्या कितीतरी मुलांनी पहिली गोळी एनसीसीच्या पॉइंट टू-टू रायफलनं झाडलेली असते, आणि ती रायफल कुणाच्याच बापाची नसते. हा खेळ आपल्याकडे सामायिक हत्यारावर वाढला आहे. परवान्याच्या बंदुकीत तर दुसरा मार्गच नाही. ती मित्राकडून उसनी घेता येत नाही, क्लबच्या परवान्यावर, रेंजवर, प्रशिक्षकासमोरच हाती येते. एअर पिस्तुलाला परवाना नाही म्हणून ही शिस्तही सोडून द्यायची?

चार महिन्यांनी, खेळ आवडलाच, तर जरूर घ्या. तेव्हा चार गोष्टी विचारा. ग्रिप माझ्या हाताच्या मापाची आहे का? ट्रिगर स्पर्धेच्या किमान ५०० ग्रॅमवर लावून प्रत्येक वेळी सारखाच सुटतो का? जुनं घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख काय? उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात, आणि आत २०० बारपर्यंत हवा कोंडलेली असते. आणि चौथं, बिघडलं तर माझ्या शहरात ते कोण उघडणार? टोकियोत, २५ जुलै २०२१ ला, मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बारावी आली आणि अंतिम फेरी हुकली. तिच्यासोबत आख्खा संघ होता. तुमच्यासोबत कोण असेल, ते पैसे देण्याआधी ठरवा.

तोवर जवळच्या रेंजवर जा. क्लबचं पिस्तूल मागा. लहान ग्रिपचं आहे का, डाव्या हाताचं आहे का विचारा. नसेल तर का नाही, हेही विचारा, आणि लेखी विचारा. चार जणांनी अर्ज केला की कपाटाची किल्ली सापडते, असा सरकारी जागांचा माझा अनुभव आहे. त्या मुलीच्या बाबांनाही मी हेच सांगितलं. आधी तिला पाचशे छर्रे उसन्या पिस्तुलातून झाडू द्या. पिस्तूल कुठलं घ्यायचं, ते मग तीच तुम्हाला सांगेल.