खाष्ट सासूचा डावा डोळा



सासू जरा आवाज चढवून बोलली की आमच्या भंडाऱ्याकडे बायका हळूच म्हणतात, "आली ललिता पवार!" विड्या वळता वळता हसू पिकते. आम्हीही हसलो आहोत. १९८७ साली रविवारी सकाळी शेजारच्या टीव्हीवर मंथरा दिसली की आम्ही दातओठ खात असू. पण तिचा डावा डोळा असा बारीक का, हे कधी विचारले नाही.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी येवल्याचा. मूळ नाव अंबा सगुण. मूकपटाच्या काळातच, लहान वयात त्या कामाला लागल्या. पुढे नायिका झाल्या.

१९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात नट भगवान यांनी त्यांना थोबाडीत मारायची, असा प्रसंग होता. हात चुकून जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा दुखावला. सुमारे तीन वर्षे उपचार चालले. डोळा कायमचा बारीक झाला आणि नायिकेची कामे गेली. तेव्हा वयाची तिशीही उलटली नव्हती.

बाई घरी बसल्या नाहीत. मिळेल ती भूमिका घेतली. 'दहेज' (१९५०) मध्ये हुंड्यासाठी छळणारी सासू त्यांचीच आणि 'श्री ४२०' (१९५५) मधली मायाळू केळेवालीही त्यांचीच. 'अनाडी' (१९५९) मधल्या मिसेस डिसाबद्दल फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी त्या पुण्यात वारल्या, तोवर सारा देश त्यांना ओळखत होता.

आमच्या वस्तीतल्या एका भावाची दोन बोटे राइस मिलच्या पट्ट्यात गेली. मालकाने आठवड्याची मजुरी हातावर ठेवून घरी धाडले. लोक त्याला 'थोटा' म्हणू लागले. आम्ही त्याला जिद्दीच्या चार गोष्टी सांगितल्या. भरपाईचे मात्र कोणीच विचारले नाही, आम्हीसुद्धा नाही. आज त्याची लाज वाटते.

कामावर इजा झालेल्या कामगाराला भरपाई देण्याचा कायदा आपल्या देशात १९२३ पासून आहे. म्हणून घरात कोणाला कामावर लागले, तर आधी डॉक्टरचा कागद घ्या, हजेरीचा पुरावा जपून ठेवा आणि हक्काचे मागा. जिद्द त्यानंतर.

आणि पुढच्या वेळी 'ललिता पवार' म्हणून कोणाला चिडवाल, तेव्हा तो डोळा आठवा. तो दुष्टपणाचा नव्हता, कामावर झालेल्या जखमेचा होता.

पुढच्या आठवड्यात भेटूच.