दगडातली जनावरे कोणाची?

झाशीच्या किल्ल्यावर गेलेला मराठी प्रवासी तटाच्या एका ठरलेल्या जागी येऊन थांबतो. राणी लक्ष्मीबाईंनी घोड्यासह उडी घेतली ती हीच जागा, असे त्याला सांगण्यात येते. तो खाली डोकावतो, मनोमन नमस्कार करतो, आणि त्याची झाशी पाहून संपते. त्या नमस्काराबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर मिटणाऱ्या डोळ्यांबद्दल. एका घोड्यासाठी आपण शेकडो कोसांचा प्रवास करतो, आणि वाटेतल्या दगडी हत्तींकडे, भिंतींवरच्या हंसांकडे, छतांवरच्या पाखरांकडे ढुंकूनही पाहत नाही. कारण त्यांच्या पाठीवर आपल्या ओळखीचे कोणी बसलेले नसते.

झाशीच्या ईशान्येस, त्याच जिल्ह्यात, समथर नावाचे गाव आहे. गुर्जर घराण्याचे ते लहानसे संस्थान. १८१७ साली त्याचा ईस्ट इंडिया कंपनीशी तह झाला, आणि स्वातंत्र्यानंतर ते विलीन झाले. खंदक, तटबंदी आणि तटाच्या आत उंच चढत गेलेला राजवाडा असा त्याचा डौल आहे. तरीही मराठी सहलीची गाडी तिकडे वळत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकातले कोणतेही नाव त्या गावाला चिकटलेले नाही, एवढाच समथरचा अपराध. वास्तूपुढे उभे राहिल्यावर आपला पहिला प्रश्न 'हे काय आहे?' असा नसतो, 'हे कोणाचे आहे?' असा असतो. उत्तरात आपले नाव आले नाही, तर दुसरा प्रश्न विचारण्याची आपल्याला गरज वाटत नाही. पाहण्याच्या ह्या रीतीला आपण इतिहासप्रेम म्हणतो. माझ्या मते ती सातबाऱ्याचा उतारा तपासण्याची रीत आहे.

ह्या रीतीने आपल्याच घराचे काय केले ते पाहावे. झाशीचा किल्ला मराठ्यांनी बांधलेला नाही. ओर्छ्याच्या वीरसिंहदेव बुंदेल्याने तो १६१३ साली बांधला. नारो शंकर तिथे १७४२ साली सुभेदार होऊन आले आणि त्यांनी किल्ला वाढवला. ह्याच वीरसिंहदेवाच्या ओर्छ्याच्या जहांगीर महालाच्या दाराशी दोन्ही अंगांना दगडी हत्ती उभे आहेत. ओर्छा झाशीपासून अठरा-वीस किलोमीटरांवर. पण ज्याने आपल्या राणीला तट दिला त्याच्या दारचे हत्ती पाहण्यास आपल्याला सवड नसते. खुद्द झाशीतल्या राणीमहालाची गतही निराळी नाही. नेवाळकरांच्या ह्या वाड्याच्या दरबार दालनात फुलापानांची आणि पशुपक्ष्यांची रंगीत नक्षी आहे, आणि आता संग्रहालय झालेल्या ह्या वास्तूत नवव्या ते बाराव्या शतकांतील शिल्पे मांडलेली आहेत. राणी ह्याच छताखाली वावरली. तिच्या नजरेसमोर रोज कोणते पक्षी होते, हे जाणून घेण्याचे कुतूहल तिच्या भक्तांनाही होत नाही.

ग्वाल्हेरीतही हाच प्रकार. तिथे मराठी घरे आहेत, राणीची समाधी आहे, शिंद्यांचा जयविलास राजवाडा आहे. एवढे पाहिले की आपला हिशेब चुकता होतो. वर गडावर मानसिंह तोमराचा मानमंदिर महाल आहे. हा राजा १४८६ ते १५१६ ह्या काळात होऊन गेला. महालाच्या भिंतींवर निळ्या चकाकत्या फरश्यांचे पट्टे आहेत, आणि त्यांवर पिवळ्या हंसांची रांग, हत्ती, वाघ, मगरी आणि केळीची झाडे आहेत. गडाच्या एका दरवाजाचे नाव हाथी पोळ. तिथे माहुतांसह एक दगडी हत्ती उभा होता, आणि १५२८ साली बाबराने तो पाहून त्याची नोंद केली. तोमर, लोदी, मुघल, शिंदे, इंग्रज असे धनी बदलत गेले. हत्तीही नाहीसा झाला. पण दरवाजाचे नाव कोणत्याही राजाचे झाले नाही, ते हत्तीचेच राहिले.

ह्यावर एक आक्षेप हमखास येतो. इतिहास म्हणजे लढाया, तह आणि माणसांचे मोठेपण, नक्षी ही केवळ शोभा, तिच्यासाठी वेळ दवडणे हा रिकामटेकड्यांचा छंद, असे गंभीर चेहऱ्याने सांगितले जाते. ह्या गंभीर मंडळींनी जरा महाराष्ट्रातल्या गडांकडे वळावे. हत्तींना पंजांत जखडणारे एक हिंस्र श्वापद आपल्या कित्येक गडांच्या दरवाजांवर कोरलेले आहे. त्याला आपण शरभ म्हणतो. शिवजन्माने पावन झालेल्या शिवनेरीवर तो आहे, आणि मराठ्यांना अखेरपर्यंत हाती न लागलेल्या सिद्दीच्या जंजिऱ्यावरही तो आहे. जंजिऱ्याच्या शरभाने तर सहा हत्ती धरले आहेत. एकमेकांचे हाडवैरी एकाच जनावराला आपला द्वारपाल नेमतात, ही गोष्ट कोणत्या बखरीत सापडणार? हातात छिन्नी घेऊन एका सत्तेच्या मुलखातून दुसऱ्या सत्तेच्या मुलखात गेलेल्या माणसांचा इतिहास अशा शिल्पांतच उरला आहे. तहनाम्यांनी आखलेल्या सीमा त्या माणसांना ठाऊक होत्या, त्यांच्या जनावरांना मात्र नव्हत्या. नक्षीला केवळ शोभा म्हणणारा ह्या माणसांच्या साक्षी वाचण्याचेच नाकारत असतो.

मुंबईत तर हा आंधळेपणा रोज लाखो माणसे पुन्हा पुन्हा गिरवतात. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने रचलेली आणि १८८८ साली पुरी झालेली ती रेल्वेची इमारत पूर्वी व्हिक्टोरिया टर्मिनस होती, आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे. तिच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे आणि दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. भिंतींवर मोर आहेत, वेली आहेत, पावसाचे पाणी ओकणारी जनावरे आहेत. ह्यांतले पुष्कळसे कोरीवकाम सर जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचे. इमारतीच्या नावावर आपण वाद घातला, आणि तो घालण्याचा आपल्याला हक्क होताच. राणीचा पुतळा तिथून गेला ह्याचेही दुःख नको. परंतु ज्या हातांनी तो वाघ आणि ते मोर घडवले त्यांची नावे किती जणांनी शोधली? नाव राज्यकर्त्याचे असावे की लोकनेत्याचे, एवढ्यावरच आपली बुद्धी खर्ची पडली.

मजेची गोष्ट अशी, की सामान्य मुंबईकराची जीभ विद्वानांहून शहाणी निघाली. अल्बर्ट ससूनने युवराज एडवर्डचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला आणि १८७९ साली तो उभा राहिला. लोकांनी स्वाराकडे पाहिलेच नाही. त्यांनी त्या जागेला 'काळा घोडा' म्हटले. १९६५ साली पुतळा तिथून हलवून राणीच्या बागेत नेण्यात आला, तरी नाव हलले नाही. अखेर २०१७ साली त्या भागात पुन्हा एक काळा घोडा उभा करण्यात आला, आणि ह्या वेळी त्याच्या पाठीवर कोणीही नव्हते. साम्राज्याचा वारस लोकभाषेने असा सहज पायउतार केला. जनावराला स्वाराहून मोठे मानण्याचे हे धाडस आपल्या लेखकांना आणि इतिहासकारांना का साधू नये?

त्याच राणीच्या बागेत घारापुरीचा दगडी हत्ती आहे. पोर्तुगिजांनी त्या बेटाला नाव दिले ते ह्याच हत्तीवरून. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो फुटला, आणि १९१४ साली त्याचे तुकडे सांधून तो पुन्हा उभा केला गेला. ज्याच्यामुळे एका बेटाला जगभर नाव मिळाले, त्याच्यापुढून माणसे जिवंत हत्ती पाहण्यासाठी घाईने पुढे गेली.

अलीकडे शहरांतून वारसा-फेऱ्या निघतात. त्यांचे स्वागत करावे, पण सावधपणे. बोट दाखवून 'तो बघा मोर, तो बघा वाघ' असे मोजत जाणे म्हणजे प्राणिसंग्रहालयाची सहल भिंतीवर नेणे. पाहणे शब्दांवाचून पुरे होत नाही, आणि शब्द आपल्याकडे आहेत. गजथर, अश्वथर, हंसपट्टी, कीर्तिमुख, मकर, व्याल, गंडभेरुंड ही सारी आपल्या भाषेची मिळकत. ती अभ्यासकांच्या कपाटात कुलूपबंद राहिली आणि शाळेत पोरांना तिचा पत्ता लागला नाही, तर ती जनावरे चुन्याखाली, रंगाखाली, दुकानांच्या पाट्यांखाली गाडली जातील तेव्हा हरकत घेण्यापुरताही शब्द कोणाच्या तोंडी नसेल.

वरसईच्या विष्णुभट गोडसे ह्यांच्यापासून आपण हे शिकायला हवे होते. १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. राणीच्या शौर्याबरोबरच राजवाड्यातल्या पुस्तकशाळेच्या विध्वंसाचेही दुःख त्याने लिहून ठेवले. प्राण कंठाशी आले असताना त्याला पोथ्या दिसल्या. आपल्याला तर कसलेच भय नाही, हाताशी सवड आहे, गाडी आहे. तेव्हा झाशीचा नमस्कार झाल्यावर गाडी ओर्छ्याकडे वळवावी, मग समथरकडे. तिथे आपले कोणी नाही, आणि नेमके म्हणूनच तिथे जावे. नाव, घराणे, सनावळी ह्यांची चौकशी मागाहून करता येईल. आधी दरवाजापाशी थांबून मान वर करावी.