भंगार म्हणण्याआधी

चालत्या यंत्राला भंगार म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, हे या सदराच्या वाचकांना नव्यानं सांगायला नको.  या आठवड्यात तो पुन्हा उफाळला. निमित्त माझ्या भाचीचा डेस्कटॉप.

भाची कराडला असते. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं यांचे फोटो काढते आणि घरीच एडिट करते. संगणक 2014 चा, तिच्या शिक्षणासाठी घेतलेला. अलीकडे एक फोटो उघडायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात ती कुकर लावून यायची. शेवटी ती दुकानात गेली आणि तिथून तिनं मला फोन केला.

"मामा, हे म्हणतात यात आता काही घालण्यात अर्थ नाही. 65 हजारांत नवा बसवून देतो म्हणतात."

"उघडून बघितला का त्यांनी?"

"नाही. प्रोसेसर कितव्या जनरेशनचा एवढंच विचारलं. चौथ्या म्हटल्यावर हसले."

त्या हसण्यानं मी भडकलो. जी मुलगी एका लग्नाच्या हिशेबात पेट्रोल, सहायकाचे पैसे आणि अल्बमची छपाई बसवते, तिला 65 हजार हा आकडा असा सहज तोंडावर फेकायचा? आणि तोही डब्याचे दोन स्क्रू न काढता?

मी तिला डबा घेऊन माझ्याकडेच यायला सांगितलं. रविवारी आम्ही तो उघडला. पंख्यावर धुळीची गोधडी होती. ती ब्रशनं काढली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. खरा दोष हार्ड डिस्कचा होता. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, तर साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. शिवाय विखुरलेल्या बारीक फाइल शोधताना तबकडीवरचा हात इकडून तिकडे पळत राहतो, एसएसडीत तो प्रकारच नाही. ऑपरेटिंग सिस्टीम, एडिटिंगचं सॉफ्टवेअर आणि चालू कामाचे फोटो एसएसडीवर घेतले, जुनी डिस्क साठवणीला ठेवली. रॅम 8 जीबी होती, ती 16 केली. चौथ्या पिढीच्या साध्या बोर्डावर बहुधा रॅमच्या दोनच जागा असतात आणि मर्यादाही 16 जीबीचीच.

रॅमच्या भावाबद्दल मात्र बोललंच पाहिजे. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी म्हणून घरगुती गिऱ्हाइकाला ती महाग झाली आहे. डिसेंबर 2025 मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं तर क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात जुन्या बोर्डाला लागणारी डीडीआर3 रॅम मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुन्या बाजारात मिळते, ही भाचीसारख्यांसाठी मोठी सोय आहे. तिथले जुन्या पार्टचे विक्रेते तुमच्यासमोर लावून, चालवून दाखवतात. त्यांचा मला मनापासून आदर वाटतो.

दुकानदाराच्या जनरेशनच्या प्रश्नात मात्र तथ्य होतं. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. पण विंडोजऐवजी घालता येणारं लिनक्स मिंट फुकट आहे, फोटो एडिट करायला डार्कटेबल फुकट आहे, गिंप फुकट आहे, आणि रॉ फाइलवरचं भाचीचं सगळं काम डार्कटेबलमध्ये होतं. सवय व्हायला थोडे दिवस जातील. एआयनं नॉइज काढण्यासारखी जड कामं मात्र चांगल्या ग्राफिक कार्डाशिवाय या डब्यावर रेंगाळणार, हेही मी तिला स्पष्ट सांगितलं.

वाचलेल्या पैशांतून मी तिला मॉनिटर घ्यायला लावला. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण फोटोचं काम करणारी मुलं प्रोसेसरवर तासन्‌तास बोलतात आणि पडद्याचा विषयच काढत नाहीत. तिचा जुना टीएन पॅनेलचा मॉनिटर होता. मान थोडी हलवली तरी त्याच्यावरचा रंग बदलायचा. ब्राइटनेस कारखान्यातून आला तसाच, पूर्ण. पडदा इतका उजळ असला की माणूस फोटो गडद करत जातो आणि प्रिंट काळपट येते. पडद्यात निळी झाक असली की नकळत पिवळा वाढवला जातो आणि अल्बममध्ये अख्खं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं. मग प्रिंटवाल्याशी भांडण. एसआरजीबी पूर्ण दाखवणारा आयपीएस मॉनिटर घ्या, रंगाचं तापमान 6500 केल्विनवर ठेवा आणि ब्राइटनेस उतरवा. या शेवटच्या दोन गोष्टींना तर एक पैसाही लागत नाही.

नव्या पडद्यावर आम्ही तिचं एक लग्न उघडलं. हळदीचा फोटो होता. नवरी सावळी, कपाळावर घाम, गालावर ओली हळद, हातात हिरवा चुडा. फार देखणा फोटो. शेजारीच गिऱ्हाइकाला दिलेली प्रत होती आणि तिच्यात त्या मुलीचा चेहरा पिठासारखा पांढरा केलेला. मान मूळ रंगाची, चेहरा पांढरा.

"असं का केलंस गं?"

"मामा, मुलीची आई शेजारी बसून सांगत होती. अजून उजळ कर, अजून उजळ कर. नवरी काही बोललीच नाही."

पूर्वी फिल्मच्या काळात कोडॅक छपाईचे रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड प्रयोगशाळांना देत असे. 'शर्ली कार्ड' म्हणायचे त्याला. गोरी कातडी बरोबर आली की रंग बरोबर, असा हिशेब. सावळ्या-काळ्या माणसांचे चेहरे त्यात कित्येक वर्षं मारले गेले. आज ती कार्डं नाहीत. आज आपल्या हातातला कॅमेरा सावळ्या त्वचेच्या बारीकसारीक छटा टिपतो, रॉ फाइल त्या जपून ठेवते, नवा पडदा त्या दाखवतो. आणि एवढं सगळं झाल्यावर मुलीची आई शेजारी बसून त्या पुसून टाकायला सांगते. ती मुलगी तो अल्बम आयुष्यभर उघडणार आहे. तिची लेक विचारेल, आई, ही कोण?

पुरळ काढा, घामाची चकाकी कमी करा, प्रकाश सारखा करा, माझी काही हरकत नाही. रंग मात्र तिचा आहे. भाचीनं आता ऑर्डर घेतानाच नवरीला एकटीला विचारायचं ठरवलं आहे.

लग्नसराई तोंडावर आहे. तुमच्या घरी कार्य असेल तर फोटोग्राफरला विसार देतानाच सांगा : आमच्या मुलीचा रंग आहे तसाच ठेवा.