समुपदेशक कोणाचा?

शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद न्यायालयासमोर होती.

तथापि, खुर्ची भरली म्हणजे काम झाले असे नव्हे. कार्ल रॉजर्स यांनी १९५१ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या पद्धतीत दिशा मूल ठरवते; समुपदेशक ऐकतो. आपल्याकडे अपेक्षा नेमकी उलटी : गुण वाढवा, पोराला वळणावर आणा. (‘समुपदेशन’ या शब्दातच उपदेश दडलेला आहे!) पगार शाळेचा, तक्रार पालकांची, मग बदलीपायी दर तीन वर्षांनी शाळा सोडणाऱ्या मुलाने मन मोकळे करावे कोणापाशी? पॉक्सोखालील गुन्हा कळवणे बंधनकारकच आहे. त्यापलीकडचे गुपित कोण राखणार?

पद्धत रामबाणही नव्हे. लंडन परिसरातील १८ शाळांमधल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांचा मानसिक त्रास घटला, पण थोडाच. तोही आठवड्याला एक अशा दहापर्यंत बैठका दिल्यावर. न्यायालयाने समुपदेशकांचे योग्य प्रमाण राखण्यास सांगितले, आकडा मात्र दिला नाही. हजार मुलांची शाळा एकच नेमणूक दाखवून मोकळी होऊ शकते.