अंधारातली गाणी

आमची नात दहावीला आहे. रात्री दिवा मालवून, कानात हेडफोन घालून पडलेली असते. काय ऐकतेस विचारलं, तर म्हणाली, "आजी, तुला नाही आवडणार. भुताटकीसारखी गाणी आहेत." मग तर मी ऐकायचंच ठरवलं.

अमेरिकेच्या बिली आयलिशचा हा पहिला अल्बम. आपण सगळे झोपतो तेव्हा जातो कुठे, असं त्याचं नाव. २०१९ मध्ये तो आला तेव्हा ती १७ वर्षांची होती. मोठा स्टुडिओ वगैरे नाही. लॉस एंजेलिसमधल्या आईवडिलांच्या घरात, भाऊ फिनियसच्या खोलीत बसून दोघांनी बराचसा केला. पुढच्याच वर्षी ग्रॅमीचे चारही मोठे पुरस्कार तिला मिळाले.

पॉप, जॅझ, हिपहॉप सगळं एकत्र. ती ओरडत नाही, कानाशी कुजबुजते. एक गाणं पलंगाखालचा राक्षस गातो, त्यात दातांच्या डॉक्टरांच्या ड्रिलचा आवाज! दुसऱ्यात नशेच्या गोळ्या घेणाऱ्या मित्रांत बसून ती म्हणते, मला हे नको. ते मला फार आवडलं. व्यसनाला नाही म्हणायला आपणही मुलांना शिकवतोच की.

पण एका गाण्यात ती जगाचाच निरोप घेते. माझ्या पोटात गोळा आला. हेडफोन काढून ठेवावा, "असलं अभद्र ऐकू नये" म्हणावं, असं ओठांवर आलं होतं. माझ्या मुलीला मी असंच गप्प केलं होतं. ती पुन्हा कधी काही बोलली नाही.

म्हणून या वेळी सरळ विचारलं, "बाळा, तुलाही असं वाटतं का गं?"

"तसं नाही आजी. पण परीक्षेची फार भीती वाटते. झोपच येत नाही." महिनाभर हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

बारा भावनांमधली अनित्य भावना, अशरण भावना आपण लहानपणापासून म्हणतो. मृत्यूपुढे कुणी आधार नाही, हे आपण रोज म्हणायचं आणि मुलांनी भीतीचं नाव काढलं की दटावायचं, हे बरोबर नाही. फरक एवढाच, की भावना आपल्याला भीतीतून पुढे नेते. गाणं तिथेच सोडून देतं. तिथून हात धरून पुढे न्यायला घरातलं माणूस जवळ हवं.

गाणी बंद करू नका. एक हेडफोन आपल्या कानात घाला. मग विचारा.

आता झोपताना मी तिच्या खोलीत बसते. दिवा मात्र तिच्याच मर्जीने मालवते.