उणे, पण आपले

स्नेहसंमेलन जवळ आले की आमच्या विद्यार्थ्यांत एकच प्रश्न फिरू लागतो : "कोणत्या चित्रपटातले गाणे घ्यायचे?" स्वतः गीत रचा, असे कोणी सुचविले तर "ते तितके चांगले होणार नाही" हे उत्तर ठरलेले असते. हे उत्तर आम्हांस मान्य नाही, आणि त्यासाठी गोमंतकातील एका ध्वनिफितीचा दाखला द्यावासा वाटतो.

१९८४ साली बार्देशातील शिवोली गावच्या रेमो फर्नांडिस यांनी 'गोवन क्रेझी' ही इंग्रजी गीतांची ध्वनिफीत काढली. ध्वनिमुद्रण राहत्या घरी, चारच मार्गांच्या कॅसेट-यंत्रावर झाले. सारे आवाज व सारी वाद्ये त्यांचीच. एक वाद्य वाजवून मुद्रित करावयाचे, ते ऐकत दुसरे वाजवावयाचे, असा हा खटाटोप! तयार फितीही ते स्वतःच स्कूटरवरून गोव्यात विकत फिरले.

ही कृती निर्दोष आहे काय? मुळीच नाही. अशा यंत्रावर तीन मार्ग भरले की ते चौथ्यावर उतरवून जागा करावी लागते, आणि दर खेपेस खरखर वाढते. शिवाय एकाच माणसाला सर्व वाद्ये सारखी वश होत नाहीत. सर्व गाणी सारख्या तोलाची आहेत, असेही आम्ही म्हणणार नाही.

तरीही ती ध्वनिफीत टिकली, कारण तिच्यात गोवा होता. १९६१ साली पोर्तुगीज सत्ता गेली तेव्हा रेमो आठ वर्षांचे होते. कोंकणी, पोर्तुगीज व इंग्रजी यांच्या संगमावर वाढलेल्या या कलावंताने त्या सरमिसळीची लाज धरली नाही. २००७ साली त्यांना पद्मश्री लाभली. पण शिवोलीच्या त्या घरात पदकाची हमी कोणी दिली होती?

सुरतेतील आमची मुले घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि कापडबाजारात हिंदी बोलतात. आम्हां कोंकणी भाषकांस ही ओढाताण परकी नाही. मुले तिला उणीव समजतात. आम्ही तिला भांडवल समजतो. तापीच्या पुराचे, मागावर रात्रपाळी करणाऱ्या वडिलांचे गाणे त्यांच्यावाचून कोण रचणार?

उणेपणा हा गुण आहे, असे आमचे म्हणणे नाही. बेसूर ते बेसूरच, आणि त्यावर मेहनत हाच उपाय. परंतु उसन्या गाण्यावर कितीही मेहनत केली तरी ते उसनेच राहते. यंदाच्या संमेलनात निदान एक गीत विद्यार्थ्यांनी स्वतः रचलेले असावे, आणि शिक्षकांनी ते धीराने ऐकावे, एवढेच आमचे मागणे आहे.