हलकी तोफ, जड हिशेब

मे 1818 मध्ये रायगड पडला तो तटाला खिंडार पडल्यामुळे नव्हे. कर्नल प्रॉथरच्या फौजेने उखळी तोफा डागल्या, गोळे तटावरून थेट गडावरील वाड्यांवर कोसळले, आगी लागल्या आणि 10 मे रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. पेणच्या उत्तरेचा कर्नाळा आणि रोह्याजवळचा अवचितगडही त्याच साली गेले. तोफा या गडांवरही होत्या; अवचितगडावर त्या आजही पाहावयास मिळतात. परंतु त्या जागच्या हलत नव्हत्या, शत्रूच्या हलत होत्या. दोनशे वर्षांनंतर हिमालयाच्या सीमेवर प्रश्न पुन्हा तोच आहे : तोफ हवी तेथे न्यावयाची कशी?

उंच वक्रमार्गाने गोळा फेकून डोंगराआड दडलेल्या शत्रूला गाठणारी हॉवित्झर तोफ पहाडी युद्धात अपरिहार्य ठरते. 1986 साली 1,437 कोटी रुपयांना घेतलेल्या 410 बोफोर्स तोफांवरून राजकीय वादळ उठले. पण 1999 साली कारगिलमध्ये त्याच तोफांनी लढाईचे पारडे फिरविले. मात्र बोफोर्सचे वजन सुमारे 12 टन. द्रासजवळून श्रीनगर-लेह महामार्ग जात होता म्हणून ती तेथे पोहोचली. अरुणाचलच्या ज्या कड्यांपर्यंत रस्ताच नाही, तेथे ती निरुपयोगी.

ही उणीव भरून काढण्यासाठी नोव्हेंबर 2016 मध्ये भारताने अमेरिकेकडून एम-777 जातीच्या 145 तोफा घेण्याचा करार केला. 9 नोव्हेंबर 2018 रोजी देवळाली येथे त्या समारंभपूर्वक लष्करात दाखल झाल्या. टायटॅनियमच्या सढळ वापरामुळे या तोफेचे वजन जेमतेम सव्वाचार टन भरते. 2019 साली आलेले चिनूक हेलिकॉप्टर तिला खाली टांगून कड्यावर नेऊन ठेवू शकते.

हे हलकेपण स्वस्त मात्र नाही. कराराची रक्कम 5,000 कोटींच्या घरात, म्हणजे तोफेमागे सुमारे 34 कोटी रुपये. शिवाय तोफ एकटी कधीच जात नाही. 155 मिलिमीटरचा एक गोळा सुमारे 45 किलोचा. शंभर गोळे आणि त्यांची दारू यांचे वजन खुद्द तोफेहून अधिक होते. मिनिटाला दोन अशा संथ गतीनेही हे शंभर गोळे तासाभरात संपतात. तोफ एकदाच उचलावी लागते, गोळे रोज. खरा खर्च तोफेचा नव्हे, तिच्या भुकेचा आहे.

याच भुकेकडे आपले दुर्लक्ष झाले. दारूगोळ्याच्या 152 प्रकारांपैकी 61 प्रकारांचा साठा 10 दिवसांच्या युद्धालाही अपुरा असल्याचे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2017 च्या अहवालाने दाखवून दिले. त्याच सुमारास लष्कराच्या उपप्रमुखांना तातडीच्या खरेदीचे अधिकार मिळाले. म्हणजे विहीर खणण्यास प्रारंभ झाला तो तहान लागल्यावर. युक्रेनमध्ये बलाढ्य अमेरिकेचीही हीच गत झाली. 2022 च्या प्रारंभी तिचे मासिक उत्पादन सुमारे 14,000 गोळे. युक्रेनचे तोफखाने तेवढे काही दिवसांतच उडवीत. तेथेच एम-777 चे दुसरे वैगुण्यही दिसले. तिला चिलखत नाही आणि जागा बदलण्यास वेळ लागतो. ड्रोनच्या दृष्टीस पडलेली तोफ वाचणे कठीण.

म्हणून ओढतोफांचे युग संपले, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. रणगाड्यासारखी स्वयंचलित तोफ हेलिकॉप्टरने कड्यावर नेता येत नाही. मार्च 2025 मध्ये ज्या 307 देशी तोफांचा सुमारे 6,900 कोटींचा करार झाला आणि ज्यांचा मोठा वाटा पुण्याची भारत फोर्ज बनविणार आहे, त्यांचा पल्ला 40 किलोमीटरहून अधिक. पण वजन सुमारे 18 टन. त्या हलक्या तोफेला पूरक आहेत, पर्याय नव्हेत.

तेव्हा तोफांची संख्या मोजून समाधान मानण्यात अर्थ नाही. प्रत्येक खरेदीसोबत गोळे किती, ते वाहणारी हेलिकॉप्टरे किती आणि सुटे भाग देशात किती, हा हिशेब संसदेपुढे आला पाहिजे. चंद्रपूर आणि अंबाझरी येथील कारखान्यांना शांततेच्या काळात नियमित मागणी मिळाली, तरच युद्धात ते उत्पादन वाढवू शकतील. हा खर्च करदात्याच्या डोळ्यांत भरणारा नाही, त्याचे संचलनही निघत नाही. परंतु कड्यावरच्या जवानाचे प्राण त्यावरच अवलंबून असतात. गोळ्यांवाचूनची अत्याधुनिक तोफ आणि अवचितगडावरची तोफ यांत मग फारसा फरक उरत नाही.